भीतीचा बोलपट आणि घरांतील मूल



गेल्या महिन्यांतील एका शनिवारची गोष्ट. संध्याकाळच्या चहाच्या वेळीं माझ्या सुनेनें मला विचारलें, "बाबा, मुलांचा एक नवा चित्रपट लागला आहे. जाहिरातींत 'सर्व कुटुंबासाठीं' असें म्हटलें आहे. पण पाहून आलेले लोक सांगतात कीं तो फार अंधारा आणि भीतिदायक आहे. मुलांना न्यावें का?" मुलें म्हणजे माझीं दोन नातवंडें. नातू दहा वर्षांचा, नात सहा वर्षांची. नातवाचा आग्रह मोठा, कारण त्याच्या वर्गांतील निम्मीं मुलें चित्रपट पाहून आलीं होतीं. माझा मुलगा म्हणाला, "आम्ही नाहीं का लहानपणीं भुतांच्या गोष्टी ऐकल्या? काय झालें आम्हांला?" सून म्हणाली, "काय झालें तें तुमच्या आईंना विचारलें पाहिजे." सर्वजण हंसले आणि निर्णय माझ्यावर सोंपविण्यांत आला. तीस-बत्तीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसाला एवढें तरी ठाऊक असेल, अशी त्यांची समजूत.

खरें सांगावयाचें तर मला उत्तर सुचलें नाहीं. याचें एक कारण माझ्या जुन्या वर्गांतील एका मुलाशीं निगडित आहे. तें मी पुढें ओघानें सांगेन. दुसरें कारण असें कीं, हा प्रश्न प्रथम आमच्याच घरांत उत्पन्न झाला असें मुळींच नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ देशोदेशींचे कायदेपंडित, न्यायाधीश, शास्त्रज्ञ आणि आईबाप त्याच्याशीं झगडत आले आहेत. त्या झगड्याचा इतिहास डोळ्यांखालून घातल्यावांचून घाईघाईनें होय किंवा नाहीं म्हणणें मला योग्य वाटेना. तोच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

भीति ही कांहीं चित्रपटानें निर्माण केलेली वस्तु नव्हे. आमच्या आजीच्या गोष्टींत मुंजा होता, हडळ होती, वाटेवरच्या वडावर ब्रह्मराक्षस होता. कीर्तनकारबुवा प्रल्हादाचें आख्यान लावीत, तेव्हां खांब दुभंगून नृसिंह प्रगट होई आणि हिरण्यकशिपूचें पोट फाडी; तें आख्यान आम्हीं आईच्या मांडीवर बसून ऐकलें. मग चित्रपटांतील राक्षसाचें एवढें काय? हा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड आहे. परंतु एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आजी गोष्ट सांगत असतां तिची दृष्टि ऐकणाराच्या तोंडावर असे. मुलाचे डोळे विस्फारले, तें अंगाशीं सरकलें, कीं तिचा राक्षस चार पावलें मागें जाई, त्याचे दांत लहान होत, आणि राजपुत्र वेळेच्या आधींच येऊन पोहोंचे. बुवासुद्धां समोरच्या सभेचा नूर पाहून रंग गडद किंवा फिका करीत. पडद्याला मात्र डोळे नाहींत. पहिल्या रांगेंतील पांच वर्षांचें मूल आणि शेवटच्या रांगेंतील पन्नास वर्षांचा गृहस्थ, या दोघांनाही तो एकच राक्षस, एकाच आकाराचा, एकाच आवाजाचा दाखवितो. तेव्हां मुलाच्या तोंडाकडे पाहण्याचें जें काम आजी करीत होती, तें आतां कोणीं करावें? या सगळ्या वादाचा गाभा माझ्या मतें हाच आहे.

हें काम आपल्या शिरावर घेण्याचा एक मोठा प्रयत्न इंग्लंडांत झाला. तेथील चित्रपटधंद्यानें स्वतःच्याच पुढाकारानें १९१२ सालीं एक परिनिरीक्षण मंडळ स्थापिलें, आणि १९१३ पासून दोन प्रकारचीं प्रमाणपत्रें देण्यास आरंभ झाला. 'यू' म्हणजे सर्वांनीं पाहण्याजोगें, आणि 'ए' म्हणजे प्रौढांना अधिक योग्य. प्रथम 'ए' हा केवळ सल्ला होता. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत लंडनच्या व इतर ठिकाणच्या स्थानिक सत्तांनीं त्याला नियमाचें स्वरूप दिलें: सोळा वर्षांखालील मुलानें 'ए' चित्रपटास आईबाप किंवा पालक यांच्यासह आलें तरच त्यास आंत सोडावें.

नियम कागदावर उत्तम होता. पण मुलें तीं मुलेंच. चित्रपटगृहाच्या दारांत उभें राहावें, तिकिटाचे पैसे मुठींत धरावे, आणि येणाऱ्या एखाद्या अनोळखी गृहस्थास "काका, आम्हांला तेवढें आंत न्या" म्हणून विनवावें, अशी युक्ति इंग्लंडांतील पोरांनीं काढली व ती अनेक वर्षें चालली. दारावरच्या माणसास मुलाबरोबर कोणी मोठें माणूस दिसलें कीं त्याचें काम संपे. तो गृहस्थ आंत गेल्यावर मुलाजवळ बसला कीं दूर, हें पाहण्याची कोणास गरज वाटत नसे.

पुढें १९३१ सालीं अमेरिकेंत 'फ्रँकेन्स्टाइन' हा बोलपट निघाला. बोरिस कार्लोफ या नटानें त्यांत प्रेतांच्या तुकड्यांतून जोडलेल्या मनुष्याची भूमिका केली. तो मनुष्य एका लहान मुलीला तळ्यांत टाकतो, हा प्रसंग ठिकठिकाणीं कापण्यांत आला. अशा बोलपटांपायीं इंग्लंडांत १९३२ सालीं 'एच' हें अक्षर निघालें. त्याचा अर्थ भयानक. आरंभीं ही नुसती सूचना होती; १९३७ पासून मात्र 'एच' चित्रपटास सोळा वर्षांखालील मुलास आईबापांसह देखील प्रवेश बंद झाला. १९५१ सालीं या अक्षराची जागा 'एक्स' या अक्षरानें घेतली. या हकीकतींत एक गोष्ट लक्षांत येते. प्रत्येक नवें अक्षर मुलें घाबरल्यानंतर निघालें आहे, आधीं नाहीं. दिवा विझल्यावर काड्यांची पेटी शोधावी, तसा हा प्रकार.

याच सुमारास अमेरिकेंत शास्त्रज्ञांनींही या प्रश्नास हात घातला. 'पेन फंड' नांवाच्या निधीच्या साहाय्यानें १९२९ ते १९३२ या काळांत चित्रपटांचा मुलांवर काय परिणाम होतो याचें मोठें संशोधन झालें, आणि त्याचे ग्रंथ १९३३ पासून बाहेर पडूं लागले. आयोवा विद्यापीठांतील डायसिंजर आणि रकमिक यांनीं मुलांच्या हातांना सूक्ष्म विद्युत्‌-यंत्र जोडून व नाडीचे ठोके मोजून चित्रपट चालूं असतां त्यांची घालमेल टिपली. ओहायोंतील रेनशॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांच्या खाटांना यंत्रें लावून चित्रपट पाहिल्यानंतरच्या रात्रीं मुलें किती वेळां कूस बदलतात याची नोंद केली. संकटाचे प्रसंग पाहतांना लहान मुलांच्या अंगीं जी खळबळ होई, ती प्रौढांपेक्षां किती तरी अधिक भरली. याचें जें कारण त्यांनीं दिलें तें मला फार मार्मिक वाटतें. प्रौढ मनुष्य पडद्यावरचा प्रसंग पाहतांना 'हें खोटें आहे, शेवट गोड होणार आहे' एवढी रक्कम मनांतल्या मनांत वजा करतो आणि उरेल तेवढेंच घाबरतो. त्यास त्यांनीं 'प्रौढांची वजावट' असें नांव दिलें. लहान मुलास ही वजाबाकी येत नाहीं. शाळेंतली वजाबाकी आम्ही सातव्या-आठव्या वर्षीं शिकवितों; ही वजाबाकी तर त्याहूनही उशिरां येते, आणि ती कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलांत फार मोठा फरक आढळला. तोच चित्रपट पाहून एक मूल रात्रभर तळमळे, तर दुसरें निवांत झोंपे.

हें सारें छापून प्रसिद्ध झालें, आणि त्यानंतर चारच वर्षांनीं या वादांतला सर्वांत प्रसिद्ध बोलपट आला. वॉल्ट डिस्ने यांची 'हिमगौरी आणि सात बुटके' ही चित्रमय कथा २१ डिसेंबर १९३७ रोजीं लॉस एंजेलिस येथें प्रथम दाखविण्यांत आली. आमच्या पिढीनें आणि आमच्या मुलांनीं ती पुस्तकांतून, पडद्यावरून, नाना रूपांनीं पाहिली आहे. गोड गळ्याची राजकन्या, शिट्टी वाजवीत काम करणारे बुटके, हरणें नि खारी. हिला कोण भिणार? परंतु १९३८ सालीं ती इंग्लंडांत गेली, तेव्हां तेथील मंडळानें तिला 'ए' प्रमाणपत्र दिलें. म्हणजे मुलांनीं एकट्यानें पाहूं नये. कारणें दोन. एक, रानांतून पळणाऱ्या राजकन्येला झाडें हात पसरून धरूं पाहतात तो प्रसंग. आणि दुसरें, ती चेटकीण. मुलांसाठीं म्हणून निघालेल्या परीकथेला मुलांनाच मज्जाव, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ टीका झाली. अनेक ठिकाणच्या स्थानिक सत्तांनीं मंडळाचा निर्णय बाजूस सारून मुलांना मोकळा प्रवेश दिला.

मंडळाला तेव्हां लोक हंसले. पण तें सर्वस्वीं चुकलें होतें काय? डॉ. बेंजामिन स्पॉक हे अमेरिकेंतील नामांकित बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या नांवावर एक आख्यायिका सांगितली जाते कीं, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉल या भव्य चित्रपटगृहांत ही कथा चालूं असतां इतकीं मुलें भिऊन ओलीं झालीं कीं खुर्च्यांचीं आवरणें बदलावीं लागलीं. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण ती एका बालवैद्याच्या तोंडीं घातली गेली, यांत कांहीं अर्थ आहे. डिस्ने यांच्याच १९४० च्या 'पिनोकिओ' या चित्रपटांत एका खोडकर मुलाचा पाहतां पाहतां गाढव होतो. त्या प्रसंगाविषयींही लहानपणीं तो पाहिलेले लोक उतारवयांत बोलतात. हिमगौरीची सावत्र आई रूपवती राणी असते. ती जादूचा काढा पिऊन आपल्या डोळ्यांदेखत हाडकुळी म्हातारी बनते. दोन्ही ठिकाणीं घाबरविणारी गोष्ट एकच आहे: ओळखीचें रूप पालटून अनोळखी होणें. हा धागा हातांत धरून ठेवा. तो पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें १९१८ सालीं चित्रपटांचा कायदा झाला आणि १९२० सालीं मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथें परिनिरीक्षण मंडळें बसलीं. चित्रपट दाखविण्यास योग्य कीं अयोग्य, एवढाच त्यांचा निवाडा. मूल नांवाचा निराळा प्रेक्षक कायद्याच्या दृष्टीस पडलाच नव्हता. पण आमच्या दादासाहेब फाळके यांच्या दृष्टीस तो पडला असावा, असें मला वाटतें. त्यांनीं १९१९ सालीं 'कालिया मर्दन' काढला. डोहांतील प्रचंड सर्प आणि त्याच्याशीं झुंजणारा बाळकृष्ण, हा विषय मुलांना भीति घालण्यासारखाच. कृष्णाची भूमिका फाळके यांची लहान मुलगी मंदाकिनी हिनें केली. चित्रपटाच्या आरंभीं फाळके यांनीं मंदाकिनीस तिच्या नेहमींच्या रूपांत आणून तिच्या मुद्रेवरचे निरनिराळे भाव दाखविले, आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर तिचा कृष्ण केला. त्यांचा हेतु लेकीचें अभिनयकौशल्य दाखविण्याचा असेल. पण त्यामुळें आणखी एक गोष्ट आपोआप साधली. रूप पालटलें, पण आधीं मूळ रूप पाहावयास मिळालें. डोहांत उडी घेणारा हा कृष्ण म्हणजे आपल्यासारखीच एक मुलगी आहे, हें चिमुकल्या प्रेक्षकास ठाऊक झालें. वजाबाकीचा पहिला धडाच तो!

कायद्यानें मुलांची दखल घेतली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ सालीं दुरुस्ती होऊन 'यू' आणि 'ए' अशीं दोन प्रमाणपत्रें आलीं. १९५२ च्या कायद्यांत तीच व्यवस्था राहिली. १९७० सालीं ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें चित्रपटांची पूर्वतपासणी आणि ही विभागणी, दोन्ही वैध ठरविल्या. परंतु या दोन कप्प्यांची एक अडचण होती. जो चित्रपट मुलांसाठींच आहे पण अंधारा आहे, तो कोणत्या कप्प्यांत घालावा? 'ए' दिला तर मूल बाहेर राहतें. 'यू' दिला तर चार वर्षांचें मूलही आंत येतें. ही अडचण १९८३ सालीं 'यूए' या तिसऱ्या प्रमाणपत्रानें कांहीं अंशीं दूर झाली. बारा वर्षांखालील मुलांनीं पालकांच्या मार्गदर्शनानें पाहावा, असा त्याचा अर्थ.

गंमत अशी कीं, पुढल्याच वर्षीं हीच अडचण अमेरिकेला भोंवली, आणि तींत आपल्या एका परिचित नटाचा हात होता. तेथें १९६८ पासून चित्रपटांची वर्गवारी चालूं होती. १९८४ च्या उन्हाळ्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि त्यांच्याच संस्थेचा 'ग्रेम्लिन्स' असे दोन चित्रपट लागोपाठ आले. दोघांनाही पालकांच्या सल्ल्यानें मुलांनीं पाहण्याजोगें प्रमाणपत्र होतें. पहिल्यांत अमरीश पुरी यांनीं साकारलेला मोलाराम जिवंत मनुष्याच्या छातींतून काळीज उपटून काढतो! हिंदुस्थानाचें जें विपरीत चित्र त्यांत रंगविलें होतें, त्यामुळें आपल्या सरकारनें चित्रीकरणास अनुमति दिली नाहीं व पुष्कळसें काम श्रीलंकेंत झालें. इकडे आपला राग देशाच्या अपमानाचा होता. तिकडे अमेरिकेंतील आईबापांचा राग निराळाच होता. साहसाचा खेळ म्हणून मुलांना नेलें, आणि तीं आमच्या कुशींत तोंड लपवूं लागलीं, अशी त्यांची तक्रार. स्पीलबर्ग यांनीं स्वतःच मधला एक वर्ग सुचविला, आणि १ जुलै १९८४ पासून तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांस विशेष सावध करणारें प्रमाणपत्र सुरू झालें. येथेंही घाबरणें आधीं आणि अक्षर नंतर.

त्याच दशकांत विस्कॉन्सिन विद्यापीठांतील जोआन कॅन्टर या विदुषीनें मुलांच्या भीतीचा जो अभ्यास केला, त्यानें आपल्या हातांतल्या धाग्याची गांठ उकलते. दूरदर्शनवरील 'इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेंत एक सुस्वभावी शास्त्रज्ञ संतापला कीं हिरवा राक्षस बनतो आणि दुर्बळांचें रक्षण करतो. कॅन्टर व त्यांचे सहकारी स्पार्क्स यांना असें आढळलें कीं, तीन ते पांच वर्षांचीं मुलें तो राक्षस झाल्यावर सर्वांत अधिक घाबरतात; उलट नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना त्याच क्षणीं हायसें वाटतें, कारण आतां हा सोडविणार हें त्यांना कळतें. दुसऱ्या एका प्रयोगांत एकच म्हातारी कधीं सुस्वरूप तर कधीं कुरूप, आणि कधीं प्रेमळ तर कधीं दुष्ट अशी दाखविण्यांत आली. लहान मुलांनीं रूपावरून तिची पारख केली, मोठ्यांनीं वागण्यावरून. म्हणजे सहा-सात वर्षांपर्यंत मूल डोळ्यांनीं भितें. पुढें तें विचारानें भिऊं लागतें. लहानाला चेटकिणीचें नाक भिववितें. मोठ्या मुलाला घराला आग लागणें, चोर येणें, आई मरणें या खरोखर घडूं शकणाऱ्या गोष्टी भिववितात. त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. "हें खरें नाहीं" असें सांगितल्यानें मोठ्या मुलाची भीति कमी होते. अगदीं लहान मुलाची होत नाहीं. त्यास जवळ घ्यावें, हातांत कांहीं आवडती वस्तु द्यावी, पाणी पाजावें. शब्दांपेक्षां स्पर्श अधिक कामीं येतो.

हें वाचलें त्या दिवशीं मी पुस्तक मिटून पुष्कळ वेळ बसून राहिलों. कारण मला तो मुलगा आठवला.

१९९० नंतरच्या दशकांतली गोष्ट. मी तेव्हां तिसरीचा वर्ग शिकवीत होतों. मुलांना एक चित्रपट दाखविण्यास आम्हीं नेलें. प्रमाणपत्र 'यू' होतें, म्हणून मीं तो आधीं पाहिला नव्हता. त्यांत एका मुलाच्या आईचा चेहरा हळूहळू बदलून चेटकिणीचा होतो. माझ्या शेजारच्या रांगेंत आठ वर्षांचा एक हुशार मुलगा डोळ्यांवर दप्तर धरून बसला. मीं दप्तर काढून घेतलें आणि म्हटलें, "अरे, खोटें असतें सारें." दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यानें हात वर केला व विचारलें, "गुरुजी, माझी आई पण अशी बदलली तर?" मी म्हणालों, "वेडा आहेस का?" आणि सारा वर्ग हंसला. चार दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. ती म्हणाली, "गुरुजी, हा रात्रीं उठतो आणि अंधारांत माझ्या तोंडावरून हात फिरवून पाहतो. तुम्हीं त्याला काय सांगितलें?" मीं त्याला कांहींच सांगितलें नव्हतें, हाच माझा दोष होता. तो मला अत्यंत समंजस प्रश्न विचारीत होता आणि मीं त्यास वेड्यांत काढलें. प्रमाणपत्राकडे मीं पाहिलें होतें. त्याच्या तोंडाकडे पाहिलें नव्हतें.

तात्पर्य असें नव्हे कीं मुलांना भीतीपासून संपूर्ण दूर ठेवावें. ज्या मुलानें गोष्टींतला राक्षस कधीं पाहिला नाहीं, त्याला राक्षस मरतो हें कसें कळावें? विशाल भारद्वाज यांचा २००२ सालचा 'मकडी' हा मुलांचाच चित्रपट. ओसाड वाड्यांतील चेटकीण शबाना आझमी यांनीं उभी केली आहे. तेथेंही एका मुलीची कोंबडी झाल्याचें आपण ऐकतों, म्हणजे पुन्हां तेंच रूप पालटणें. पण शेवटीं ती चेटकीण म्हणजे निव्वळ ढोंग असल्याचें उघड होतें, आणि तें उघड करण्यांत मुख्य हात एका लहान मुलीचा असतो. असा शेवट मुलाच्या हातांत कांहींतरी देतो. भीति दाखवून वाऱ्यावर सोडणारा चित्रपट निराळा, आणि भीतीच्या पलीकडच्या कांठावर नेऊन पोहोंचविणारा निराळा.

आपल्याकडे २०१६ सालीं 'द जंगल बुक' या नव्या चित्रपटास 'यूए' प्रमाणपत्र मिळालें. वाघ आणि अजगर त्रिमिती दृश्यांत अंगावर येतात, हें कारण सांगण्यांत आलें. मोगलीची गोष्ट आणि मुलांवर बंधन, म्हणून पुष्कळांनीं थट्टा केली. हिमगौरीच्या वेळची थट्टा अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं पुन्हां ऐकूं आली. त्यानंतर २०२३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांनीं 'यूए'चे सात, तेरा व सोळा असे वयाचे तीन टप्पे झाले. सुधारणा योग्य आहे. सहा वर्षांचें मूल आणि अकरा वर्षांचें मूल एका तराजूंत तोलण्याची चूक तींत टाळली आहे. तरीही लक्षांत ठेवावें कीं हे आंकडे पालकांस सूचना आहेत. दारावरचा माणूस त्यावरून मुलास परत पाठविणार नाहीं. मंडळ चित्रपट पाहतें. तुमचें मूल त्यानें कधींच पाहिलेलें नसतें.

म्हणून सुनेला मीं उत्तर दिलें तें असें. रविवारीं सकाळचा खेळ आपण दोघांनीं आधीं पाहावा. तिला हा जरा अतिरेक वाटला. पण ती आली. चित्रपट वाईट नव्हता. अंधार पुष्कळ होता, परंतु शेवटीं उजाडत होतें. मात्र मधल्या भागांत एका ओळखीच्या, प्रेमळ माणसाचा चेहरा पालटण्याचा प्रसंग होता. तो पाहतांना आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि निर्णय झाला.

नातवाला पुढच्या शनिवारीं नेलें. जाण्यापूर्वीं त्यास विचारलें, शेवट सांगूं का? तो "नको" म्हणाला, पण अर्ध्या वाटेंत म्हणाला, "आजोबा, शेवट चांगला आहे ना, एवढेंच सांगा." मीं सांगितलें. त्या प्रसंगाच्या वेळीं त्यानें माझी बाही घट्ट धरली. मी पडद्याकडे पाहत नव्हतोंच. थोड्या वेळानें त्यानें बाही सोडली आणि माझ्या कानांत चेहरा कसा बदलला असेल याची युक्ति सांगूं लागला. वजाबाकी त्यास येऊं लागली होती.

नात घरींच राहिली. ती रडली आणि रुसली, हें सांगितलें पाहिजे. असा निर्णय फुकट होत नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर ती माझ्याजवळ आली व म्हणाली, "मग मला गोष्ट तरी सांगा." मीं सांगितली. दोनदां तिनें "मग पुढें?" म्हणून घाई केली. चेहरा पालटण्याची वेळ आली, तेव्हां ती हळूच माझ्या मांडीजवळ सरकली आणि तिनें माझ्या हनुवटीला हात लावला. मीं तेथें तो चेहरा पालटूं दिला नाहीं. गोष्टींत तेवढा बदल मीं केला, आणि तो कोणाच्याही लक्षांत आला नाहीं.